बघायला आलेल्या बायका

माझं नाव कडूबाई. आईबापाची लेकरं जगत नव्हती, म्हणून मला कडू म्हणले, की मरणानंसुद्धा तोंडात घालून थू करून टाकावं. मरणानं टाकलं खरं, पण नावाचा गुण जिभेत उतरला, असं वस्तीतल्या बाया म्हणतात. म्हणू द्या. मी तोंडावर बोलते ते त्या पाठीमागं बोलतात, एवढाच काय तो फरक.

परभणीत रेल्वेलाइनीच्या पलीकडं आमची वस्ती. बाप्ये मालधक्क्यावर हमाली करतात, बाया जिनात कापूस निवडायला जातात. तिथंच कापसाच्या एका जुन्या गोदामात पोरींची शाळा हाय. मी त्या शाळंतली बोलावणारी. म्हणजे सकाळी घरोघर हाका मारत जायचं, पोरी गोळा करून शाळंत न्यायच्या, सांजच्याला ज्याच्या त्याच्या दारात सोडायच्या. वयात आलेली पोरगी एकटी रस्त्यानं गेली की लोकांच्या जिभा वळवळायला लागतात. कडूबाईच्या मागं रांगेनं गेली तर कुणाची माय व्यालीय बोलायची?

शाळा काढली नर्मदाबाईंनी. सेलूकडच्या. लग्न झालं अन् वर्षाच्या आत नवरा गेला, तव्हापासून पांढऱ्या लुगड्यात. रझाकारांचं मिटलं, पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढल्या साली एक ट्रंक घेऊन ह्या वस्तीत आल्या. त्या टायमाला मीबी नुकतीच रांडावलेली. नवरा मालधक्क्यावर गाठोड्याखाली सापडून मेला, पदरात विमल. बाईंनी मला कामाला ठेवलं अन् विमलला पाटीवर बसवलं. विमल नववीपर्यंत पोचली ती बाईंच्या मिठावर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमी मला शिव्या द्याल, तव्हा हे ध्यानात असू द्या.

नववीच्या पुढं आमच्या शाळंत काही नव्हतं. मॅट्रिक करायचं तर पोरांच्या हायस्कूलात, बाजाराच्या त्या अंगाला. तिथं वस्तीतली एक माय पोरगी धाडायची न्हाई. म्हणजे नववी झाली की पोरगी खलास. बाई दोन सालांपासून मॅट्रिकच्या वर्गासाठी खेटे घालत होत्या. विमलला मास्तरीण व्हायचं होतं. रात्रंदिवस तेच. चुलीपुढं बसली तरी कोळशानं भिंतीवर लिहायची, अन् मग भिंत सारवायची मी. पण खरं सांगते, मलाबी वाटायचं, माझी पोरगी खुर्चीवर बसावी. जिनात जाऊन तिच्या नाकातोंडात कापूस जाऊ नये.

आता बघायला येणाऱ्या बायकांचं सांगते, सगळं रामायण तिथूनच.

आमच्यात पोरगी तेरा-चौदाची झाली की आयांची झोप उडते. पोरगी दाखवायची तर कुठं? घर म्हणजे एक खोली. चूल तिथंच, गोधड्या तिथंच, सासरा खोकायलाय तोबी तिथंच. अन् घरी दाखवली अन् नाकारली की मोहल्लाभर बोभाटा. तसं दोनदा झालं की पोरीवर डाग. आमच्या गल्लीत पारूबाई हाय, जिनात मुकादमीण, लय ठसक्याची. ती एक दिवस शाळंत आली अन् बाईंना म्हणली, "माझी प्रभावती उद्यापासून येणार न्हाई. बघायला येणारेत तिला."

बाईंनी समजावलं, हात जोडले. पारूबाई ऐकंना. शेवटी बाईच म्हणल्या, "बघायचंच असेल तर त्या बायकांना इथं घेऊन या. वर्गात मागं बसून बघतील. पोरीला कळणार नाही, गल्लीला कळणार नाही, नाकारली तरी बोभाटा नाही. पण तोवर तिला शाळेतून काढू नका."

झालं! जिनात बायांचं तोंड अन् हात बरोबरच चालतात. ज्या आया पोरीला भांडी घासायला लावायच्या, त्या मला आपणहून हाका मारायला लागल्या, "ओ कडूबाई, आमचीबी न्या शाळंत." शाळा भरली. वरचे साहेब म्हणायचे, पोरींची संख्या दाखवा तर मॅट्रिकचा वर्ग देऊ. ती संख्या कुठून आली हे बाईंना ठाऊक होतं अन् मला.

बायकांना टांग्यातून घेऊन यायच्या कमलबाई. वकिलीणबाई, नवरा शाळंच्या कमिटीवर, अन् ह्यांना लग्नं जुळवायचा भारी नाद. पाहुण्या मागं बसायच्या. मग बाई म्हणायच्या, "प्रभावती, फळा पूस." फळ्यापर्यंत गेली की चाल दिसते, हात वर केला की उंची दिसते. "आता धडा वाच." वाचला की आवाज कळतो, दातबी दिसतात. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. बाई त्या वेळी मान वर करायच्या न्हाईत. हातातला खडू मोडत बसायच्या. खुर्चीवर बसलेल्या बाईला कुणी विधवा म्हणत न्हाई, म्हणून त्यांच्या समोर हे शुभकार्य चालायचं. मला मात्र कमलबाई सांगायच्या, "कडूबाई, तुम्ही जरा बाजूला थांबा." मी दाराआड.

पोरी काय दूधखुळ्या हायेत? त्यांना चार दिवसांत कळलं. अन् त्यावर औषध काढलं कुणी, तर आमच्या विमलनं. कमलबाईबरोबर अनोळखी बाई दिसली की वर्गानं येडं व्हायचं! जिला उठवलं तिनं लंगडायचं, नाहीतर डोळा तिरळा करायचा, नाहीतर त-त-प-प करायचं. कुणाला उठवलं कळत नसंल तर सगळ्यांनीच. एकदा मानवतहून पाहुण्या आल्या. विमलला इचारलं, सात आठे किती? पोरगी तोंड वासून म्हणते कशी, "बारा." पाहुण्या पाणीबी न पिता गेल्या. कमलबाई म्हणल्या, ह्या वर्गाला कुणाची तरी दृष्ट लागलीय, मीठ-मिरच्या ओवाळा. मी दाराआड पदर तोंडात कोंबून हसले. बाई पोरींवर रागावल्या, पण भिंतीकडं तोंड फिरवून त्याबी हसल्या, मी बघितलं. कुणाला त्यात वाईट काय दिसणार? पोरी वाचत होत्या, शाळा चालत होती.

मग औरंगाबादहून सांगावा आला, तपासणीसबाई गुरुवारी येणार. पोरी बघणार, अन् मॅट्रिकचा वर्ग द्यायचा का न्हाई ते ठरवणार. बाईंच्या अंगात वारं शिरल्यागत झालं. आमी गोदाम सारवलं, पोरींनी तोरणं केली. बाईंनी पोरींकडून सगळं घोटून घेतलं, भूगोल झोपेत इचारला तरी सांगतील असा. विमल तर जेवताना नद्या म्हणायची.

अन् ती बाई आली सोमवारी. जिंतूरकडच्या शाळा बघायला गेली होती, चारठाण्याचं काम लवकर उरकलं, म्हणून बशीनं तडक परभणीला. बसस्टँडवर भेटल्या कमलबाई. त्यांनी टांग्यात घातलं अन् आणलं शाळंत. आमच्या बाई त्या वेळी जिनाच्या मालकाकडं गेलेल्या, गुरुवारपुरते चार बाक द्या म्हणून हात पसरायला.

आमी सगळ्यांनी तपासणीसबाई मनात रंगवून ठेवलेली. चष्मा असंल, मागं पट्टेवाला असंल, हातात बाडं असतील. ही आली ती जाडजूड, नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू, काखेत कापडी पिशवी. कमलबाई म्हणल्या, "पोरींनो, नीट उत्तरं द्या हं." हे त्या दर टायमालाच म्हणायच्या, कोण आलंय ते मात्र कधी सांगायच्या न्हाईत. अन् मला म्हणल्या, "कडूबाई, पळत जा, बाईंना बोलवून आणा." मी काय केलं? मनात म्हणलं, बाकं मागायला गेलेल्या बाईला ह्या सटव्यांसाठी कशाला परत आणू? दाराआड थांबले. मजा बघायला थांबले, काय सांगू तुमाला!

त्या बाईनं पहिल्यांदा पोरींचे दात बघितले. "तोंड उघड बघू." मग नखं. मग केसांत उवा हायेत का. सरकारात तसा कायदा हाय म्हणे, पोरींची तब्येत बघायची. आमाला काय माहीत? दात तर सासवाच बघतात. प्रभावतीला म्हणली, "घरी स्वयंपाक करतेस का?" अन् प्रभावती जी लंगडत उठली!

"पायाला काय झालं? जरा चालून दाखव."

चालून दाखव म्हणल्यावर काय राहिलं? प्रभावती अशी लंगडली की मला वाटलं, खरंच पाय मोडला हिचा. पलीकडची तिरळी झाली. तिसरीला नाव इचारलं तर तिनं बापाचं सांगितलं. त्या बाईंचं कपाळ आक्रसत चाललं. शेवटी त्यांनी विमलपुढं पुस्तक धरलं, "तू वाच." माझ्या शहाण्या लेकीनं पुस्तक उलटं धरलं अन् बोट फिरवत म्हणली, "ग... ग... गाय."

वर्ग फिसकन् हसला. मीबी हसले.

तेवढ्यात नर्मदाबाई आल्या. जिनाच्या मालकाच्या गड्यानं टांगा बघितला होता, त्यानं सांगितलं. पळत आल्या होत्या, पदर खांद्यावरून सुटलेला, दम लागलेला. दारातच हात जोडले. "बाईसाहेब, आपण गुरुवारी येणार होतात ना? औरंगाबादेहून पत्र होतं... मी नेमकी बाहेर..."

विमलनं पुस्तक सुलटं केलं, ते आजबी माझ्या डोळ्यापुढून जात न्हाई.

"विमल, वाच बाळ," बाई म्हणल्या. त्यांना ठाऊकच नव्हतं काय झालंय ते. विमल उठली. ओठ हलले, आवाज न्हाई. बाई म्हणल्या, "प्रभावती, तू गोदावरी कुठून निघते सांग." प्रभावती रडायला लागली. आता पोरी खऱ्याच मुक्या झाल्या होत्या. तपासणीसबाईंनी पिशवी उचलली. "राहू द्या," म्हणल्या. "ह्या पोरींना मॅट्रिकचा वर्ग मागताय तुम्ही?"

बाईंनी त्यांना टांग्यापर्यंत पोचवलं. परत आल्या, दार लोटलं अन् खुर्चीत बसल्या. विमलनं उभं राहून सगळं सांगितलं. एक पोरगी हुंदके द्यायली अन् बाकीच्या जमिनीकडं बघायल्या. मला वाटलं आता छडी निघंल. निघाली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणले, "बाई, अजून काय बिघडलं न्हाई. त्या डाकबंगल्यात उतरल्यात. उद्या पूर्णेला जाणारेत. आत्ता जा अन् खरं काय ते सांगा."

"काय खरं, कडूबाई?" बाई म्हणल्या. "पोरी हुशार आहेत हे खरं. मग वेड्याचं सोंग का घेतलं? तर त्यांना वाटलं, बघायला आल्यात. वर्गात बघायला येतात? हो, येतात. कोण येऊ देतं? मी येऊ देते. हे सांगू? शाळेच्या वेळेत मी पोरींना सासवांपुढं चालवते, हे मी माझ्या तोंडानं सांगू?" त्यांनी डोळ्याला पदर लावला न्हाई. नुसत्या लाल झाल्या, कानापर्यंत. "त्यापेक्षा पोरी मठ्ठ आहेत असंच राहू दे."

म्हणजे झाकली मूठ. मला पटलं अन् न्हाईबी पटलं. घरी गेल्यावर मी विमलला दोन थपडा हाणल्या. "मोठी शहाणी! वर्ग बुडवलास!" ती गाल चोळत म्हणली, "तूबी हसत होतीस, माय." मग मी तिसरी मारली न्हाई.

सकाळी उठून बघते तर पोरगी जागेवर न्हाई. मला लगेच कळलं. तशीच टेसनावर पळत गेले, लुगड्याचा काष्टा सावरत. फलाटावर बाकावर त्या बाई बसलेल्या, अन् विमल समोर उभी, त्यांचाच पेपर हातात धरून घडाघडा वाचायली. आवाज कापतोय पण अक्षर अडत न्हाई. दोन हमाल डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून ऐकायलेले. वाचून झालं अन् त्या बाईंनी हिशेब घातले, तोंडी. पोरगी एकाला चुकली न्हाई. मला तिचा गर्व वाटला, अन् त्याच वेळेस भ्यालेबी. कारण ती सोंगाचं सगळं सांगून बसली असणार.

"तुम्ही हिच्या आई?" त्या बाई म्हणल्या. "ही म्हणते ते खरं आहे का? वर्गात मुली दाखवतात?"

आता तुमीच सांगा, मी काय म्हणायचं होतं? न्हाई म्हणलं तर माझी पोरगी खोटारडी, वर्ग गेला, अन् तिचा जन्म जिनात. व्हय म्हणलं तर जिनं आमाला भाकर दिली तिच्या मानेवर सुरी. विमल माझ्याकडं बघायली. तिला वाटत होतं, खरं बोललं की सगळं नीट होतं. शाळंत तसंच शिकवतात.

"व्हय," मी म्हणले. "पण बाईंचा कसूर न्हाई त्यात! आया पोरी काढायल्या होत्या, म्हणून बाईंनी..."

"शाळेच्या वेळेत?"

"व्हय, पण ऐका ना..."

"मुख्याध्यापिकेच्या परवानगीनं?"

"अवं, परवानगी काय, त्यांनीच तर पोरी टिकवल्या! हे केलं नसतं तर ही विमलसुद्धा एकटी बसली असती वर्गात. आमच्या वस्तीत येऊन बघा एकदा, मग इचारा!" मी हमालांदेखत भांडले. हात ओवाळून भांडले.

त्यांनी शांतपणानं ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हती ती. म्हणली, "तुमचं खरं असेल. पण मुलींची शाळा म्हणजे वधूवरांचा बाजार नव्हे." गाडी आली. डब्यात चढता चढता त्यांनी विमलच्या पाठीवर हात ठेवला, "तू शिकशील."

मी टेसनावरून सरळ बाईंकडं गेले. म्हणलं, दुसऱ्यानं सांगायच्या आधी आपण सांगावं. सांगितलं. बाई भाकरी थापायल्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, कडूबाई, तुमी हे केलं? तसं म्हणल्या असत्या तर मी पाय धरले असते.

त्या म्हणल्या, "वाचलं का तिनं नीट? अडखळली नाही ना?"

"न्हाई."

"बरं झालं," म्हणल्या, अन् भाकरी तव्यावर टाकली.

उन्हाळ्यात हुकूम आला. मॅट्रिकचा वर्ग मंजूर. नर्मदाबाईंना काढून नवीन बाई नेमा. कमिटीत कमलबाईंचे वकील तावातावानं बोलले म्हणे, असला प्रकार आमच्या शाळेत चालत होता अन् आम्हाला पत्ताही नाही! ऐका! टांगा कुणाच्या घरचा होता? अन् वस्तीतल्या आया? जिनाच्या फाटकापाशी पारूबाई चारचौघीत म्हणली, "छी बाई! शाळंत असलं करायच्या का ह्या?" मी तिथंच तिच्या अंगावर गेले. "तुझ्या प्रभावतीपासून तर सुरुवात झाली गं, भवाने!" ती म्हणली, "आमी अडाणी. आमी मागू ते मागू. शिकलेल्या बाईनं न्हाई म्हणायचं होतं." गरज सरो अन् वैद्य मरो, दुसरं काय. अन् मी तरी कोणत्या तोंडानं भांडणार? वैद्याला मारणारी तर माझीच लेक.

विमलला मात्र लाज ठाऊक नव्हती. ती म्हणायची, "माय, मी खोटं बोलले का? वर्ग मिळाला का न्हाई?" बाईंच्या घरावरून जाताना मी मान खाली घालायची अन् ती ताठ चालायची.

जूनात शाळा उघडली. नवीन बाई नांदेडच्या, कडक. पहिल्याच दिवशी फाटकावर पाटी लागली, बाहेरच्या माणसाला आत मज्जाव. मी माझी हाका मारत निघाले. "प्रभावती, ये गं!" पारूबाई दारात आली. "येणार न्हाई ती."

"का?"

"आता तिथं बघायला कोण येणारे? उगं कशाला धाडू?"

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच. हाका मारून घसा बसला अन् माझ्या मागं पोरी दोन. एक विमल अन् एक तिची मैत्रीण, तीबी आजाऱ्यागत तोंड करून. नवीन बाई म्हणल्या, "दोन मुलींवर मॅट्रिकचा वर्ग चालत नसतो. महिनाअखेर संख्या नाही झाली तर बंद करावा लागेल." विमल रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसून राहायची, कापसाच्या पुंजक्यांकडं बघत. पहिल्यांदा मला ती लहान दिसली.

मी चार दिवस दारं वाजवली. शिव्या दिल्या, पाया पडले. कुणी हललं न्हाई. पाचव्या दिवशी मी नर्मदाबाईंकडं गेले. जायला तोंड नव्हतं, तरी गेले. त्या वस्तीच्या कडेला एका खोलीत राहायच्या, लोकांची लुगडी-चोळ्या शिवून देत. मी उंबऱ्याबाहेरच बसले अन् सगळं सांगितलं. शेवटी म्हणले, "बाई, मला तुमाला काही मागायचा हक्क न्हाई."

बाईंनी हातातली सुई कापडात खोचली. मग उठल्या, पायांत वहाणा घातल्या. "चला."

सरळ पारूबाईच्या दारात. पारूबाई त्यांच्याकडं बघंना, सुपातलं धान्य पाखडत राहिली. बाई म्हणल्या, "प्रभावतीला शाळेत धाडा. बघायला येणाऱ्यांना माझ्या घरी आणा. माझी खोली स्वच्छ आहे, सतरंजी आहे. शाळेचा काही संबंध नाही, गल्लीला काही कळणार नाही. जोवर ती मॅट्रिकला बसते तोवर माझी खोली तुमची. हे बाकीच्या आयांनाही सांगा."

मी तर बाईंकडं बघतच राहिले. ज्या गोष्टीपायी हिला हाकललं, तीच गोष्ट ही आपल्या घरात न्यायलीय!

पारूबाईचं सूप थांबलं. तिला पटलेलं दिसत होतं, पण चुळबुळ करायली. "राग मानू नका बाई. पण शाळा येगळी अन् घर येगळं. शुभकार्य हाय. तुमच्या घरात... तुमी समोर..."

मला कळलं ती काय म्हणायलीय. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझा दंड धरला.

"मी समोर येणार नाही," बाई म्हणल्या. "मागच्या दारी बसेन."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागं परत रांग लागली. प्रभावती आली, बाकीच्या आल्या. मॅट्रिकचा वर्ग भरला. नवीन बाई पोरींसमोर विमलला म्हणल्या, खरं बोलायची हिंमत एका मुलीनं दाखवली म्हणून आज हा वर्ग आहे. मी हे कुणाला सांगितलं न्हाई की वर्ग कशावर भरलाय. विमलला तर न्हाईच.

त्या आठवड्यातच प्रभावतीला बघायला पाहुण्या आल्या, गंगाखेडच्या. शाळा सुटल्यावर. पारूबाईनं बाईंच्या खोलीत सतरंजी हातरली, चहा ठेवला. बाईंनी आपली शिवणाची टोपली उचलली अन् मागच्या दारी पायरीवर जाऊन बसल्या. मीबी विधवाच. मी त्यांच्याजवळ बसले. आपल्याच घराच्या मोरीपाशी बाई अंग चोरून बसल्या होत्या, सावलीसुद्धा दारात पडू नये अशा. मला असं झालं की धरणीनं पोटात घ्यावं.

अन् मागच्या बोळानं विमल आली, धावत. हातात नवं पुस्तक. किती महिन्यांनी ती बाईंकडं आली होती. "बाई! वर्ग भरला! सगळ्या आल्या बघा, सगळ्या! मी म्हणत नव्हते, खरं बोललं की..."

बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू. आत बघायला आल्यात."

विमलनं दाराकडं बघितलं. आतनं एक म्हातारी म्हणली, "उभी कर बघू पोरीला. चालव जरा." विमल बाईंकडं बघायला लागली, त्यांच्या पायरीवर बसण्याकडं, टोपलीकडं. मग माझ्याकडं. पोरगी हुशार हाय, तिला सांगावं लागलं न्हाई. तिचं तोंड उतरत गेलं ते मी बघितलं, अन् मला माझी लाज वाटली, तिची वाटली, सगळ्या वस्तीची वाटली.

"माय, तू मला सांगितलं न्हाईस," ती हळूच म्हणली.

"काय सांगू?" मी म्हणले.

बाई पायरीवर थोड्या सरकल्या, तिच्यासाठी जागा केली. "बस. उद्या शाळेत वेळेवर जा, एवढंच कर."

विमल बसली. पुस्तक पदराखाली घेतलं अन् मान खाली घातली, पुन्हा वर केली न्हाई. आत पारूबाई पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायली होती, "पोरगी मॅट्रिकला हाय आमची."